डिस्क ब्रेक बसवल्यावर जुन्या जीपची पुढची चाके तापून जाम का होतात

जुन्या जीपच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेतल्यानंतर एक तक्रार हमखास येते, आणि ती दर वेळी त्याच क्रमाने येते. सकाळी गाडी थंड असताना उत्तम चालते आणि ब्रेकही छान लागतात. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर गाडी ओढत नाही असे वाटू लागते, पुढच्या चाकांकडून जळका वास येतो, ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा वर येऊन दगडासारखे कडक लागते आणि शेवटी चाके धरून बसतात. रस्त्याच्या कडेला अर्धा-पाऊण तास थांबले की सारे पूर्ववत होते. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी थंड झालेली असल्यामुळे तिथे दोष दिसतच नाही. मग मेकॅनिक अंदाजाने कॅलिपरचे, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या भागाचे, रबर किट बदलतो, चार दिवस बरे जातात आणि लांबच्या पहिल्याच फेरीत तोच प्रकार पुन्हा होतो. माझ्या गाडीवर हे तीन वेळा झाले. त्यातून जे समजले ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण या दोषाचे मूळ बहुतेक वेळा चाकापाशी नसते आणि तरीही सगळा खर्च चाकापाशीच होत राहतो.

माझी गाडी म्हणजे उंच बॉनेटची सीजे-३बी. विलिस या अमेरिकन कंपनीने हे मॉडेल १९५३ मध्ये आणले, अमेरिकेत त्याचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले, पण महिंद्राने भारतात ते त्यानंतरही बरीच वर्षे चालू ठेवले. म्हणूनच आपल्याकडे अशा जीपा अजून शेतावर, घाटात आणि हौशी मंडळींच्या अंगणात दिसतात. या गाडीचे मूळ ब्रेक चारही चाकांना ९ इंची ड्रमचे, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून शू दाबणारे; शूवरचे लायनर पावणेदोन इंच रुंदीचे. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेक ऑईलला दाब देणारा भाग, १ इंची आणि तो बोनेटखाली नसून ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या पट्टीला बसवलेला. चाकापाशी शू ढकलणारे पुढचे व्हील सिलिंडर १ इंची, मागचे पाऊण इंची. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, आणि चारही चाकांना मिळून ऑईलचे एकच सर्किट. हँडब्रेक मात्र चाकांवर नसून ट्रान्स्फर केसमागच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीमागच्या) शाफ्टवर असतो, त्यामुळे पुढेमागे काहीही बदलले तरी हँडब्रेकला धक्का लागत नाही. डिस्क बसवताना हा या गाडीचा मोठाच फायदा आहे.

डिस्क बसवण्याचे कारणही सांगितले पाहिजे. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरते आणि पुढचे दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत, किंवा एकच चाक आधी धरते आणि स्टिअरिंग हातातून खेचले जाते. डिस्क पाणी झटकून टाकते आणि लवकर निवते. ताम्हिणी किंवा आंबेनळीसारख्या घाटात पावसाळी दिवसांत गाडी उतरवणाऱ्याला हा फरक पहिल्याच वळणावर कळतो. म्हणून बदल योग्यच आहे, परंतु डिस्क हा सुटा भाग म्हणून बसवला गेला आणि बाकीची व्यवस्था ड्रमचीच राहिली, तर वर सांगितलेली तक्रार येणारच.

आता दोष कसा घडतो ते पाहू. मास्टर सिलिंडरमध्ये दोन छिद्रे असतात. एक मोठे, ज्यातून टाकीतले ब्रेक ऑईल पिस्टनच्या मागच्या भागात येते. दुसरे अगदी बारीक, एक मिलिमीटरपेक्षाही लहान, जे पेडल पूर्ण सुटलेले असताना पिस्टनवरच्या मुख्य वायसरच्या (रबरी सीलच्या) ओठाच्या किंचित पुढे उघडे राहते. या बारीक छिद्राचे काम एवढेच की ब्रेक वापरून ऑईल तापले आणि फुगले, तर वाढलेले ऑईल टाकीत परत जावे. पेडल दाबले की वायसर पुढे सरकून हे छिद्र झाकते आणि तिथून दाब तयार होऊ लागतो. पेडल सोडले की छिद्र पुन्हा उघडते. आता काही कारणाने पिस्टन शेवटचा एक मिलिमीटर मागे आलाच नाही, तर छिद्र झाकलेलेच राहते. थंड गाडीत त्याने काही बिघडत नाही. पण चार ब्रेक लावल्यावर ऑईल तापते, फुगते, त्याला जायला जागा उरत नाही, आणि तो दाब पॅडना डिस्कवर टेकवून ठेवतो. पॅड टेकले की उष्णता वाढते, उष्णता वाढली की ऑईल आणखी फुगते, आणि पाय पेडलवर नसतानाही ब्रेक स्वतःच स्वतःला लावत जातो. गाडी थंड झाली की ऑईल आकसते आणि चाक सुटते. पेडल वर येणे आणि कडक होणे ही याच अडकलेल्या दाबाची खूण आहे.

ड्रम ब्रेकवर हाच दोष थोडाफार खपून जातो, कारण तिथे शू मागे खेचणाऱ्या जाड स्प्रिंगा असतात. कॅलिपरमध्ये अशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचे चौकोनी रबर दाबाने किंचित पिळवटते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते, एवढीच काय ती परतीची व्यवस्था. त्यामुळे जो उरलेला दाब ड्रमला जाणवतही नाही, तो डिस्कला जाम करायला पुरतो.

इथेच दुसरे कारण येते, आणि जीपच्या बाबतीत ते सर्वात महत्त्वाचे आहे. ड्रम ब्रेकच्या मूळ मास्टर सिलिंडरमध्ये, ऑईल बाहेर पडण्याच्या टोकाला, स्प्रिंगच्या तळाशी एक छोटा चेक व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही पाइपमध्ये साधारण १० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब धरून ठेवणे हे त्याचे काम. त्या दाबाने व्हील सिलिंडरची वायसरे भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत शिरत नाही. ड्रमच्या स्प्रिंगांना १० पीएसआय काहीच नाही. डिस्कचे मात्र हिशेबाने पाहावे: १० पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ किलो. कॅलिपरचा पिस्टन ५१ मिलिमीटरचा असेल, तर त्याचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटरच्या थोडे वर भरते. म्हणजे पाय पेडलवर नसतानाही प्रत्येक पॅडवर सुमारे १४ किलोचा भार सतत राहतो. एवढ्या भाराने घासत धावणारे पॅड दहा किलोमीटरमध्ये तापणार नाहीत तर काय होईल?

माझ्या गाडीचा इतिहास या दोन कारणांच्या एकत्र येण्याचा आहे. ज्या गॅरेजने डिस्क बसवल्या त्यांनी काम स्वच्छ केले होते, ब्रॅकेट मजबूत होते, पण मास्टर सिलिंडर मूळचाच ठेवला. पहिल्याच रविवारी वाईहून पाचगणीला निघालो आणि पसरणी घाटाच्या मध्यावर वास आला. चढावर ब्रेक लावण्याचे काम जवळजवळ नसते. तरीही पुढचे डावे हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, इतके तापले होते की बाटलीतले पाणी बोटाने शिंपडल्यावर थेंब चर्र करून उडाले. मागची चाके कोमट होती. ब्रेक न वापरता पुढची चाके तापतात, याचा अर्थ ब्रेक सुटतच नाही, हे तिथेच उघड झाले होते. परंतु गॅरेजमध्ये पहिल्या फेरीत कॅलिपरची रबरे बदलली, दुसऱ्या फेरीत डावा रबरी होज बदलला. तिसऱ्या वेळी मी स्वतः मास्टर सिलिंडर उतरवून चेक व्हॉल्व्ह काढला. त्याने खूप फरक पडला. दहा किलोमीटरऐवजी पंचवीस किलोमीटरपर्यंत गाडी मोकळी धावली. पण पंचवीस किलोमीटरनंतर पुन्हा जाम झाली, म्हणजे दुसरे काहीतरी शिल्लक होते.

ते दुसरे काय होते ते सांगण्याआधी, शोध कसा घ्यावा हे सांगतो. हीच रीत मी पहिल्या दिवशी वापरली असती तर दोन फेऱ्यांचा खर्च वाचला असता. यासाठी गाडी गरम आणि जाम असतानाच तपासायला हवी. सोबत एक माणूस, जॅक, कॅलिपरच्या निपलला (हवा काढण्याच्या तोटीला) आणि पाइपच्या नटांना अचूक बसणारे पाने, पारदर्शक नळी आणि एक बाटली असावी. गाडी सपाट जागेवर उभी करून मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि जाम झालेले चाक उचलावे. हाताने फिरवून ते खरोखर धरले आहे याची खात्री करावी. ऑईल तापलेले असते आणि दाबाखाली असते, म्हणून चश्मा व हातमोजे घालावेत. ऑईल गाडीच्या रंगावर पडले तर रंग उचलला जातो, तेव्हा पाणी जवळ ठेवावे.

प्रथम कॅलिपरचे निपल नळी लावून पाव फेरा सैल करावे. ऑईल जोराने नळीत उडाले आणि चाक लगेच सुटले, तर दाब अडकलेला आहे. ऑईल नुसते ओघळले आणि चाक धरूनच राहिले, तर दोष यांत्रिक आहे: कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकला असेल, सरकत्या कॅलिपरच्या पिना कोरड्या पडल्या असतील, किंवा पॅड ब्रॅकेटच्या खाचेत घट्ट बसले असतील. या दुसऱ्या प्रकारात मास्टर सिलिंडरला हात लावण्याचे कारण नाही. पिना साफ करून ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. साधे चासी ग्रीस रबरी टोप्या फुगवते.

दाब अडकलेला आहे हे ठरल्यावर निपल बंद करून दोन-चार वेळा पेडल मारावे, म्हणजे तीच अवस्था पुन्हा येते. त्यानंतर रबरी होज आणि धातूचा पाइप जिथे जुळतात तो नट सैल करावा. चाक इथे सुटले नाही, पण निपल उघडल्यावर सुटत होते, तर होज आतून बंद झाला आहे. जुन्या होजचे आतले अस्तर फुगते किंवा त्याची साल सुटून झडपेसारखी बसते. पायाचा जोर ऑईल पुढे ढकलतो, पण परत येताना ती साल वाट अडवते. बाहेरून असा होज निर्दोष दिसतो, आणि म्हणूनच नुसत्या नजरेने तो पास करू नये. चाक इथेच सुटले, तर पुन्हा पेडल मारून मास्टर सिलिंडरजवळचा नट सैल करावा. तिथे सुटले की उत्तर मिळाले: पाइप, होज आणि कॅलिपर निर्दोष आहेत, ऑईल टाकीत परत जाऊ शकत नाही हाच दोष. दोन्ही पुढची चाके एकदम जाम होत असतील तर बहुधा शोध इथेच येऊन थांबतो. एकच चाक जाम होत असेल तर आधी होज आणि कॅलिपरकडे पाहावे.

माझ्या गाडीत शोध मास्टर सिलिंडरपाशी थांबला. फ्लोअरवरचे झाकण काढून टाकीचे बूच उघडले, आत टॉर्च मारला आणि मुलाला पेडल अगदी सावकाश दाबायला सांगितले. छिद्र उघडे असते तर पेडल हलताच टाकीत ऑईलचे छोटेसे कारंजे उसळले पाहिजे. इथे ऑईलचा पृष्ठभाग तळ्यासारखा शांत होता. छिद्र आधीपासूनच झाकलेले होते, म्हणून पेडल हलल्यावर झाकण्यासारखे काही उरलेच नव्हते.

कारण पुशरॉडमध्ये, म्हणजे पेडलपासून पिस्टनपर्यंतच्या दांडीत, सापडले. या जीपमध्ये पेडल दाबल्यावर पुशरॉड पिस्टनला टेकण्याआधी पेडलला अर्धा इंच मोकळी चाल असावी लागते. माझ्या गाडीत ती शून्य होती. लॉकनटच्या मागे आट्यांवर ताज्या चमकदार खुणा होत्या, म्हणजे कोणीतरी पुशरॉड लांब केला होता. का केला असेल हेही लक्षात आले. डिस्क बसवल्यावर पेडल खाली जाऊ लागले होते, मी तशी तक्रारही केली होती, आणि गॅरेजने पेडल वर आणण्याचा सोपा मार्ग म्हणून पुशरॉड वाढवला. पेडल वर आले खरे, पण त्याची किंमत म्हणून बारीक छिद्र कायमचे झाकले गेले. लॉकनट सैल करून पुशरॉड आत घेतला, पेडलच्या टोकाला पट्टी धरून साडेबारा मिलिमीटर चाल मोजली आणि नट आवळला. टाकीत कारंजे लगेच दिसले. त्या दिवशी गाडी पसरणी घाट चढून पाचगणीला गेली, उतरून परत आली आणि चारही चाके हात ठेवता येईल इतकीच गरम होती.

चाल बरोबर असूनही कारंजे दिसत नसेल तर तीन शक्यता उरतात. पेडलची परतीची स्प्रिंग ढिली असेल किंवा पेडलचा शाफ्ट गंजून जड झाला असेल, तर पेडल शेवटपर्यंत मागे येत नाही. बोटाने पेडल वर ओढल्यावर कारंजे दिसू लागले तर दोष हाच. छिद्र गंजाने किंवा घट्ट झालेल्या ऑईलने बुजले असेल, तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार घालून ते मोकळे करावे; पोलादी तार किंवा ड्रिल कधीही वापरू नये, कारण आतल्या बाजूला धार आली की ती वायसरचा ओठ कापत राहते. तिसरी शक्यता वायसर फुगल्याची. आपल्याकडे गॅरेजमध्ये सगळे भाग रॉकेलने, डिझेलने किंवा पेट्रोलने धुण्याची सवय आहे आणि इंजिनसाठी ते ठीकही आहे, पण ब्रेकच्या रबराला खनिज तेलाचा अंशही चालत नाही. वायसर फुगते, लांबीने वाढते आणि पिस्टन पूर्ण मागे असतानाही छिद्र झाकते. टाकीच्या बुचाखालचे रबर सुजून लाटांसारखे वेडेवाकडे झाले असेल, तर ऑईलमध्ये भेसळ झाली आहे असे समजावे. अशा वेळी एक वायसर बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडर, कॅलिपर, व्हील सिलिंडर यांतली सर्व रबरे आणि होज बदलावे लागतात, धातूचे पाइप स्वच्छ ब्रेक ऑईलने किंवा स्पिरिटने धुऊन वाळवावे लागतात. हे खर्चाचे काम आहे, पण अर्धवट केले तर महिन्याभरात दोष परत येतो.

ज्यांनी बूस्टर बसवला आहे त्यांनी आणखी एक जागा तपासावी. बूस्टरमधून मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलणारी दांडी किंचित लांब असेल, तरी छिद्र झाकले जाते, आणि पेडलची चाल बाहेरून बरोबर दिसत असल्यामुळे संशयही येत नाही. जाम झालेल्या गाडीवर मास्टर सिलिंडरचे दोन नट सैल करून तो बूस्टरपासून दोन-तीन मिलिमीटर पुढे ओढावा. चाके सुटली तर दांडी आत घ्यायला हवी. दांडी आणि पिस्टन यांत अर्धा ते एक मिलिमीटर फट पुरेशी असते. डिझेल इंजिन असलेल्या जीपांना बूस्टरसाठी स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो, कारण डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही. पंपाशिवाय बसवलेला बूस्टर म्हणजे वाटेतला जड अडथळा.

आता मूळ तक्रार उरते ती पेडल खाली जाण्याची, आणि तिचे खरे उत्तर दिले नाही तर कोणी ना कोणी पुन्हा पुशरॉड वाढवणार. कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला ऑईल जास्त लागते. समजा हबच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे आणि त्यामुळे डिस्क डुलून दोन्ही बाजूंचे पॅड ०.३ मिलिमीटर मागे ढकलले जातात. सरकत्या कॅलिपरमध्ये एकच पिस्टन ही दोन्ही अंतरे भरून काढतो, म्हणजे तो ०.६ मिलिमीटर चालतो. ५१ मिलिमीटरच्या पिस्टनसाठी हे सुमारे १.२ मिलिलिटर ऑईल झाले, दोन चाकांचे २.४. १ इंची मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला एवढे ऑईल ढकलायला जवळजवळ ५ मिलिमीटर जावे लागते, आणि पेडलचे गुणोत्तर ६ धरले तर पायाखाली जवळपास ३ सेंटिमीटर पेडल नुसते वाया जाते. म्हणून पेडल खाली गेले की पहिल्यांदा पुढच्या हबची टेपर बेअरिंगे तपासावीत. चाक वरखाली धरून हलवल्यावर खेळ जाणवत असेल तर आतला नट व्यवस्थित बसवून खेळ काढावा. माझ्या गाडीत डाव्या बाजूला स्पष्ट खेळ होता, आणि तो काढल्यावर पेडल बरेचसे आपोआप वर आले.

त्यानंतर मागचे शू ॲडजस्ट करावेत. ड्रममागच्या बॅकप्लेटवरच्या बोल्टने शू ड्रमला टेकेपर्यंत बाहेर आणून, चाक मोकळे फिरेल इतकेच परत घ्यावेत. डिस्क पुढे बसवली की मागच्या ड्रमकडे कोणी पाहत नाही, पण पेडलची निम्मी चाल तिथेच हरवते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टस असण्याची शक्यता असते, त्यामुळे ड्रम उघडल्यावर धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

मग पाइपमधली हवा काढावी. इथे एक चूक इतक्या वेळा पाहिली आहे की ती वेगळी सांगतो. डावा आणि उजवा कॅलिपर अदलाबदल करूनही ब्रॅकेटवर तंतोतंत बसतात; पण तसे बसवले की निपल खाली जाते आणि हवा मात्र पिस्टनच्या वरच्या भागात अडकून राहते. लिटरभर ऑईल घातले तरी पेडल स्पंजासारखेच लागते. निपल कॅलिपरच्या सर्वात वरच्या बाजूला आहे हे डोळ्यांनी पाहावे.

एवढे करूनही पेडल खालीच राहत असेल, तर मास्टर सिलिंडर बदलणे हाच मार्ग आहे, आणि माझे मत विचाराल तर तो पहिल्याच दिवशी बदलावा. त्याचे कारण पेडलपेक्षा मोठे आहे. मूळ व्यवस्थेत एकच सर्किट असल्यामुळे एक पाइप फुटला किंवा एका व्हील सिलिंडरने ऑईल सोडले की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, आणि घाटाच्या उतारावर हातात फक्त गिअर आणि हँडब्रेक उरतो. दोन सर्किटांचा टँडम मास्टर सिलिंडर बसवला तर पुढचे आणि मागचे ब्रेक स्वतंत्र होतात. डिस्कसाठी खर्च करायचा की टँडमसाठी, अशी निवड करावी लागली, तर मी ड्रम तसेच ठेवून टँडम बसवीन. शिवाय पॅड झिजत जातात तसे कॅलिपर जास्त ऑईल धरून ठेवतात, आणि मूळची छोटी टाकी नकळत रिकामी होते. डिस्कसाठी बनवलेल्या टँडममध्ये पुढच्या ब्रेकची टाकी मोठी असते.

मास्टर सिलिंडर चासीला, म्हणजे खालीच ठेवणार असाल, तर पुढच्या सर्किटमध्ये २ पीएसआयचा आणि मागच्या ड्रमच्या सर्किटमध्ये १० पीएसआयचा वेगळा रेसिड्युअल (थोडा दाब धरून ठेवणारा) व्हॉल्व्ह पाइपमध्ये बसवावा. चढावर तोंड करून गाडी उभी केली की पुढचे कॅलिपर टाकीपेक्षा उंच जातात आणि ऑईल हळूहळू टाकीकडे उतरते. सकाळी पहिले पेडल खाली जाते ते यामुळे. २ पीएसआय एवढे रोखायला पुरतात आणि पॅडना धरत नाहीत. मी आधी फक्त चेक व्हॉल्व्ह काढून टाकला होता, त्यामुळे मागच्या ड्रमचा आधार गेला होता आणि तिथे अधूनमधून हवा शिरत होती. हे दोन व्हॉल्व्ह बसवल्यावर ते थांबले.

पुढे-मागे समतोल हा विषयही याच कामात येतो. ड्रममधला एक शू चाकाच्या फिरण्याने स्वतःच आणखी घट्ट होतो. डिस्कमध्ये असे होत नाही. त्यामुळे डिस्कला पुरेल इतका दाब येईपर्यंत मागचे ड्रम आधीच चाके लॉक करू शकतात. सीजे-३बीचा व्हीलबेस अवघा ८० इंचांचा. मागची चाके आधी लॉक झाली तर ओल्या रस्त्यावर ही गाडी पाहता पाहता आडवी होते. मागच्या पाइपमध्ये दाब कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवून, मोकळ्या आणि ओल्या मैदानात ताशी वीस-पंचवीस किलोमीटरवर जोराचा ब्रेक मारून पाहावा, आणि बाहेर उभ्या माणसाला कोणती चाके आधी थांबतात ते बघायला सांगावे. पुढची आधी थांबली पाहिजेत.

ऑईल डॉट ३ किंवा डॉट ४ वापरावे. डॉट ४ नवे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ३ २०५ पर्यंत; पण दोन्ही हवेतला ओलावा शोषतात आणि ओलावा शोषल्यावर ही मर्यादा अनुक्रमे १५५ आणि १४० अंशांवर येते. कोकणातल्या दमट हवेत दोन वर्षांतून एकदा सगळे ऑईल बदलणे गरजेचे आहे. सिलिकोनचे डॉट ५ यात मिसळू नये.

कागदपत्रांबद्दल थोडेसे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. म्हणून काम करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे, आणि काढलेले ड्रम, बॅकप्लेट, मूळ मास्टर सिलिंडर ग्रीस लावून पेटीत जपून ठेवावेत. पन्नास वर्षांवरील गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करण्याची सोय २०२१ पासून झाली आहे आणि तिथे गाडी मूळ रूपात असण्याला महत्त्व आहे. त्यामुळे एकही भोक न पाडता, वेल्डिंग न करता, बोल्टने बसेल असेच ब्रॅकेट निवडावे.

एवढे करूनही घाटातच चाके धरू लागली, तर काय करावे? वास येताच थांबावे. पुढे रेटू नये, कारण ऑईल उकळले की पेडल कडक असते ते क्षणात फ्लोअरला टेकते. उतारावर असाल तर गिअर खाली आणत, इंजिनच्या ओढीवर गाडी कडेला घ्यावी आणि चाकांना दगड लावावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते किंवा तडकते. अर्धा तास निवू द्यावे, मग पुशरॉडचा लॉकनट सैल करून पेडलला मोकळी चाल येईपर्यंत पुशरॉड आत घ्यावा आणि नट आवळावा. त्याने चाके सुटली नाहीत तर निपल पाव फेरा उघडून दाब काढावा, लगेच बंद करावे, टाकीत ऑईल पाहून घ्यावे, आणि पेडल घट्ट लागते आहे याची उभ्या गाडीवर दहा वेळा खात्री करूनच निघावे. पेडलमध्ये किंचितही स्पंज जाणवला तर गाडी तिथेच सोडून टो करण्याची व्यवस्था करावी. सोबत १३ चा पाना, निपलचा रिंग पाना, हातभर पारदर्शक नळी आणि ब्रेक ऑईलचा सीलबंद डबा मी आता सीटखाली कायम ठेवतो.